मोफत पास आणि वेळेवरची गाडी: एसटीच्या विद्यार्थी सेवेचे परीक्षण

शिक्षणासाठी मिळणाऱ्या शासकीय अनुदानांचा विषय निघाला की शिष्यवृत्ती, फीमाफी, मोफत पाठ्यपुस्तके आणि पोषण आहार ही नावे लगेच पुढे येतात. एसटीचा विद्यार्थी पास मात्र परिवहन खात्याची बाब समजून बाजूला ठेवला जातो. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरी भागात माध्यमिक शाळेत शिकवताना मी याच्या नेमके उलट चित्र पाहत आले आहे. आठवीनंतर गावाबाहेरच्या शाळेत जाणाऱ्या मुलामुलींचे शिक्षण चालू राहणार की थांबणार, हे पुस्तकांवर किंवा फीवर क्वचितच ठरते. बहुतेक घरांत ते सकाळच्या गाडीवर ठरते. म्हणून मुलींचा मोफत पास, मुलांचा सवलतीचा पास, शाळेच्या वेळच्या फेऱ्या आणि मागास तालुक्यांतल्या मुलींसाठीच्या मानव विकास कार्यक्रमाच्या बस या सगळ्यांचा मी एकच सेवा म्हणून विचार करते आहे, आणि गरीब घरातले मूल या सेवेमुळे शाळेत टिकते का, हाच निकष तिला लावते आहे. या निकषावर पास उत्तम ठरतो. तो ज्या फेरीवर चालतो, तिला मात्र अजून योजनेचा दर्जाच मिळालेला नाही, आणि माझी सगळी तक्रार एवढ्या एका गोष्टीभोवती आहे.

आधी सेवेचे स्वरूप पाहू. घर आणि शाळा यांच्यामधल्या रोजच्या प्रवासासाठी एसटी विद्यार्थ्यांना भाड्यात ६६.६६ टक्के सवलत देते, म्हणजे विद्यार्थ्याला एक तृतीयांश रक्कम भरून मासिक पास मिळतो. ग्रामीण भागातल्या मुलींना पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांच्या नावाने चालणाऱ्या योजनेखाली हा पास पूर्णपणे मोफत आहे; पूर्वी तो दहावीपर्यंतच मिळत असे, पुढे बारावीपर्यंत वाढवण्यात आला. तंत्रशिक्षण आणि व्यवसाय शिक्षण घेणारे विद्यार्थीही सवलतीत येतात. या सवलतींचे मूल्य राज्य शासन एसटी महामंडळाला प्रतिपूर्ती म्हणून देते. कागदावर ही रचना साधी, समजायला सोपी आणि घराच्या उत्पन्नाचा दाखला न मागणारी आहे. उत्पन्नाची अट नसणे हा मी या योजनेचा मोठा गुण मानते, कारण ज्यांना सवलतीची सर्वाधिक गरज असते, त्यांच्याचकडे तलाठ्यापासून तहसील कचेरीपर्यंत दाखल्यासाठी चकरा मारायला मजुरीचा दिवस मोडण्याइतकी सवड नसते.

ही सेवा आठवीनंतर इतकी महत्त्वाची का होते, हे समजण्यासाठी कायद्याकडे पाहावे लागते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांना लागू आहे, आणि महाराष्ट्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत, तर सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असायला हवी. नववीपासून असे कोणतेही अंतर शासनावर बंधनकारक नाही. आमच्यासारख्या भागात याचा अर्थ असा होतो की वाडीवर चौथीपर्यंत, शेजारच्या मोठ्या गावात आठवीपर्यंत आणि त्यापुढे बाजारपेठेच्या गावी, म्हणजे आठ-दहा, कधी पंधरा किलोमीटरवर, माध्यमिक शाळा. जे वय मजुरीला उपयोगी पडू लागते आणि ज्या वयात मुलीच्या लग्नाचा विषय घरात निघू लागतो, नेमके त्याच वयात शाळा दूर जाते आणि कायद्याचा हातही सुटतो.

पैशांचा हिशेब मांडला तर चित्र आणखी स्पष्ट होते. एका बाजूचे तिकीट वीस रुपये आहे असे धरू. रोजचे चाळीस, महिन्याला चोवीस दिवस शाळा भरली तर ९६० रुपये. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे एका मुलाच्या तिकिटासाठी मजुरीचे तीन दिवस जातात, आणि दोन भावंडे शिकत असतील तर सहा. एक तृतीयांश पासामुळे हे ओझे मुलामागे साधारण एका दिवसाच्या मजुरीवर येते आणि मुलीच्या बाबतीत शून्यावर. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, तेव्हा मोफत पासवाल्या मुलींच्या घरांना ती वाढ जाणवलीच नाही, ही या रचनेची एक मोलाची बाजू आहे. रोख रकमेची शिष्यवृत्ती महागाईबरोबर आपोआप वाढत नाही. १९९२ मध्ये दुर्बल घटकांतील पहिली ते चौथीच्या मुलींसाठी दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला, आणि तो कित्येक वर्षे रुपयाच राहिला. सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीतील पाचवी ते सातवीसाठी महिना ६० रुपये आणि आठवी ते दहावीसाठी महिना १०० रुपये हे दरही असेच दीर्घकाळ चालत राहिले. बसच्या आसनाची किंमत मात्र भाडे वाढले तरी मुलीसाठी तेवढीच, म्हणजे शून्य, राहते. वाढीचा भार शासन उचलते.

गरिबी कमी करण्यासाठी शिक्षणावर अनुदान द्यायचे तर ते पैशांत द्यावे की वस्तू-सेवेत, हा जगभरचा जुना वाद आहे. मेक्सिकोने १९९७ मध्ये सुरू केलेल्या प्रोग्रेसा कार्यक्रमात दर दोन महिन्यांनी रोख रक्कम आईच्या हाती दिली जाई आणि त्यासाठी मुलाची ८५ टक्के हजेरी लागे. वरच्या इयत्तांना रक्कम जास्त आणि माध्यमिक स्तरावर मुलींना मुलांपेक्षा अधिक होती. तिथे माध्यमिक शाळांतील नोंदणी, विशेषतः मुलींची, वाढली. बांगलादेशाने १९९४ पासून ग्रामीण भागातील माध्यमिक शाळेच्या मुलींना देशभर विद्यावेतन दिले. अटी ७५ टक्के हजेरी, ४५ टक्के गुण आणि अविवाहित राहणे या होत्या. पैसे देण्याचा मार्ग फोल नाही, हे या दोन्ही देशांनी दाखवले. पण जिथे अडसर अंतराचा आहे, तिथे अंतरच कापणारे अनुदान अधिक थेट लागू पडते. बिहारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतील योग्य वयाच्या मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलामुलींतील तफावत ४० टक्क्यांनी घटल्याचे दिसले, आणि हा परिणाम मुख्यतः शाळेपासून तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या गावांत होता. आफ्रिकेतल्या झांबियातही ग्रामीण मुलींना सायकली दिल्यावर त्यांची गैरहजेरी एक चतुर्थांशाहून अधिक कमी झाली. सह्याद्रीचा चढ-उतार आणि इथला चार महिन्यांचा पाऊस पाहता सायकल आमच्याकडे सगळीकडे चालणारी नाही. इथे त्या सायकलीचे काम एसटीला करावे लागते.

आता सेवा प्रत्यक्ष कशी मिळते, याकडे येते. पूर्वी पाससाठी विद्यार्थ्यांना आगाराच्या पास खिडकीसमोर रांगेत उभे राहावे लागे, आणि जून महिन्यात या रांगेपायी पहिला आठवडा शाळेबाहेरच जात असे. २०२४ च्या जूनपासून महामंडळाने शाळा-महाविद्यालयांतच पास देण्याची मोहीम घेतली. शाळेने विद्यार्थ्यांची यादी आगाराकडे द्यायची आणि एसटीच्या कर्मचाऱ्यांनी शाळेत येऊन पास करून द्यायचे, असे तिचे स्वरूप आहे. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात मांडलेल्या टेबलामागे एसटीचे दोन कर्मचारी बसतात, लिपिक बोनाफाईडचा गठ्ठा इयत्तावार लावून ठेवतो, आणि मुली फोटो आणि आधारची झेरॉक्स हातात धरून उभ्या असतात. नववीत नव्याने आलेली मुलगी पास हातात पडल्यावर आधी त्यावर आपल्या वाडीच्या थांब्याचे नाव बरोबर आले आहे का, ते वाचते. हे नाव चुकले तर तिचा पास अलीकडच्या थांब्यापर्यंतचाच ठरतो आणि उरलेली वाट चालावी लागते, म्हणून ही तपासणी तिच्या दृष्टीने अगदी रास्त आहे. शाळेतच पास देण्याच्या या पद्धतीला मी पैकीच्या पैकी गुण देते. अनुदान घेण्यासाठी गरिबाला दारोदार फिरावे लागू नये, ते त्याच्या जागी पोहोचावे, हे तत्त्व इतक्या साध्या रीतीने अमलात आलेले मी दुसऱ्या योजनेत पाहिलेले नाही.

बसमधला अनुभवही बहुतांशी चांगला आहे. रोजच्या मार्गावरचे वाहक मुलींना नावाने ओळखतात. "काका, पास आहे," एवढे म्हटले की पुढच्या प्रवाशाकडे वळणारे वाहक आहेत आणि "परीक्षा कधी सुरू होते गं?" असे विचारून दोन मिनिटे जास्त थांबण्याची तयारी दाखवणारेही आहेत. आई-वडिलांचा एसटीवर जो विश्वास आहे, तो वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीच्या, जीपवर नाही, आणि मुलीला आठवीनंतर बाहेरगावी पाठवण्याचा निर्णय घेताना या विश्वासाला भाड्याइतकेच वजन असते. चौदा वर्षांची मुलगी रोज अनोळखी जीपमध्ये दहा जणांच्या दाटीत बसून जाणार असेल, तर भाडे कितीही कमी असले तरी अनेक घरे नकार देतात. लाल गाडीत, गणवेश घातलेला वाहक आणि गावातल्या आणखी चार मुली बरोबर असतील, तर तीच घरे होकार देतात.

इथपर्यंत ही सेवा निर्विवाद चांगली आहे. अडचण सुरू होते ती फेरीपाशी. डोंगरी भागातल्या शिक्षणाचा कणा म्हणजे मुक्कामी गाडी. संध्याकाळी आगारातून निघालेली गाडी शेवटच्या गावी मुक्काम करते, चालक-वाहक ग्रामपंचायतीत, देवळात किंवा गाडीतच झोपतात आणि पहाटे तीच गाडी वाटेतल्या वाड्या घेत बाजारपेठेच्या गावी येते. कनिष्ठ महाविद्यालयाचे वर्ग अनेक ठिकाणी सकाळी लवकर भरतात, आणि आगारातून सकाळी सुटलेली गाडी आत जाऊन परत येईपर्यंत पहिले दोन तास झालेले असतात. त्यामुळे मुक्कामी गाडी असलेल्या गावाची मुले वेळेवर पोहोचतात आणि नसलेल्या गावाची मुले एक तर उशिरा येतात, नाहीतर यायचीच थांबतात. या दोन गावांतल्या मुलींच्या हातातला पास अगदी सारखा असतो. शासनाच्या आकडेवारीत दोघीही लाभार्थी म्हणून एकसारख्याच मोजल्या जातात, आणि या मोजणीलाच माझी हरकत आहे. पास दिला म्हणजे लाभ दिला, हे गृहीतक तेव्हाच खरे ठरते जेव्हा शाळेच्या वेळेला धरून गाडी येते आणि शाळा सुटल्यावर परतीची गाडी मिळते.

गाडी थांबली की काय होते, हे राज्याने एकदा मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. साथीमुळे दीड वर्षातला बहुतेक काळ बंद राहिलेल्या ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या शाळा ४ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडल्या, आणि महिन्याभरातच, दिवाळीच्या सुमारास, एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांचा आणि वेतनाच्या प्रश्नाचा विचार वेगळा आहे, आणि त्यांच्या हालअपेष्टा मी कमी लेखत नाही. पण शाळा उघडी, शिक्षक हजर, पुस्तके मोफत आणि तरीही मुले घरी, ही स्थिती त्या काही महिन्यांत राज्यभर दिसली. शिक्षणावरच्या खर्चातला बाकीचा प्रत्येक रुपया त्या एका न आलेल्या गाडीवर अवलंबून होता, हे त्यातून कळायला हवे होते.

संप मिटल्यानंतरही गाड्यांचा प्रश्न उरलाच. साथीच्या आधी महामंडळाकडे सुमारे अठरा हजार बस होत्या. जुन्या गाड्या निघत गेल्या, नव्यांची खरेदी रखडली, आणि ताफा काही हजारांनी कमी झाला. त्याच काळात प्रवासी वाढवणाऱ्या दोन सवलती आल्या: ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे तिकीट. या दोन्ही सवलती मला मनापासून मान्य आहेत. निम्म्या तिकिटामुळे आई मुलीच्या प्रवेशासाठी तालुक्याला येऊ लागली, पालक सभेला स्त्रिया दिसू लागल्या, आणि याचाही मुलींच्या शिक्षणाशी संबंध आहेच. परंतु गाड्या कमी आणि सवलती जास्त असा मेळ बसला की सकाळच्या गाडीत दाटी होते, भरलेली गाडी मधल्या थांब्यावर थांबत नाही, आणि हा मधला थांबा बहुधा वाडीचा असतो. एका गटाला दिलेली सवलत दुसऱ्या गटाच्या आसनावर येणार नाही, याची काळजी सवलत जाहीर करतानाच घ्यायला हवी होती. ती ज्या प्रमाणात गाड्या वाढवून घ्यायला हवी होती, त्या प्रमाणात घेतली गेली नाही.

यामागे पैशांची जी रचना आहे, तिच्यावर मी थोडे सविस्तर लिहिते, कारण दुरुस्ती तिथेच होऊ शकते. महामंडळ वेगवेगळ्या २९ समाजघटकांना ३३ टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत सवलती देते, आणि त्यांची रक्कम शासन एकत्रितपणे चुकती करते. २०२५ मध्ये निघालेल्या श्वेतपत्रिकेनुसार महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांच्या पुढे गेला होता. अशा स्थितीत एखाद्या सकाळी आगारात दोन गाड्या नादुरुस्त निघाल्या, किंवा चालक कमी पडले, तर कोणती फेरी रद्द करायची, हा प्रश्न आगारातल्या माणसासमोर उभा राहतो. लांब पल्ल्याची गाडी पूर्ण तिकिटाचे रोख उत्पन्न आणते. वाडीवरच्या शालेय फेरीत बसणाऱ्या बहुतेकींकडे मोफत पास असतो, म्हणून त्या फेरीच्या दिवसाच्या हिशेबात जवळजवळ काहीच जमा दिसत नाही. तिची प्रतिपूर्ती होते, पण ती मुंबईत, एकत्रित आणि नंतर होते. फेरी धावली का आणि वेळेवर धावली का, याच्याशी ती बांधलेली नाही. त्यामुळे रद्द होण्याच्या यादीत शालेय फेरी वर येते. यात कोणा एका अधिकाऱ्याची असंवेदनशीलता शोधण्यात अर्थ नाही. ज्या माणसाच्या कामाचे मोजमाप रोजच्या उत्पन्नावर होते, तो उत्पन्न न दाखवणारी फेरी आधी सोडणार, हे रचनेनेच ठरवून दिलेले आहे.

उपाय अवघड नाही. शालेय फेरी हा सवलतीच्या लेखाशीर्षाचा भाग न ठेवता स्वतंत्र सेवा म्हणून विकत घ्यावी, म्हणजे शासनाने महामंडळाला किती पास दिले यावर पैसे न देता शाळेच्या किती दिवशी, किती फेऱ्या, वेळापत्रकातल्या वेळेला धावल्या यावर द्यावेत. शाळेने रोज गाडी आल्याची वेळ नोंदवावी आणि ती नोंद देयकाला जोडली जावी. असे झाले तर आज तोट्याची वाटणारी फेरी आगारासाठी खात्रीच्या उत्पन्नाची होईल, आणि अडचणीच्या सकाळी ती रद्द करण्याआधी दोनदा विचार होईल.

याच्या जवळ जाणारा नमुना राज्यात आधीपासून आहे. मानव विकास कार्यक्रमाखाली १२५ मागास तालुक्यांत मुलींच्या शाळेच्या वाहतुकीसाठी वेगळ्या बस दिल्या गेल्या. गाड्या कार्यक्रमाच्या निधीतून आल्या, चालवण्याचा खर्च महामंडळाला मिळतो, आणि मुलींच्या फेऱ्यांना पहिला हक्क आहे. शाळेपासून जवळ राहणाऱ्या मुलींसाठी याच कार्यक्रमात सायकलीची तरतूद आहे. मला या सेवेतले हेच अंग सर्वांत विचारपूर्वक रचलेले वाटते, कारण इथे गाडी आधी ठरते आणि पास नंतर येतो. तिची मर्यादाही उघड आहे. तालुका यादीत असेल तरच बस मिळते; यादीबाहेरच्या तालुक्यातल्या सर्वांत दुर्गम वाडीला ती मिळत नाही. मागासपण तालुक्याच्या सरासरीवर मोजले की साखर कारखान्याच्या सुबत्तेखाली डोंगरावरची वाडी झाकली जाते, आणि आमच्या जिल्ह्यात हे सहज दिसते.

मुलींना मोफत आणि मुलांना एक तृतीयांश, हा फरक योग्य आहे का, असे पालक मला नेहमी विचारतात. माझे उत्तर होय असे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले, आणि परभणी व बीड या जिल्ह्यांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर होते. बीडमध्ये ऊसतोडीला जाताना वयात आलेली मुलगी मागे कोणाकडे ठेवायची, हा प्रश्न लग्न लवकर उरकण्याचे एक मोठे कारण ठरतो. मुलगी बारावीपर्यंत शाळेत राहिली तर लग्न तेवढे पुढे जाते, आणि म्हणून तिचा प्रवास पूर्णपणे मोफत असण्याला शिक्षणापलीकडचा अर्थ आहे. मात्र मुलांचा विचार यामुळे संपत नाही. आमच्याकडे नववी-दहावीतून गळणारा मुलगा थेट मुंबईच्या किंवा पुण्याच्या कामावर जातो, आणि त्याच्या घरालाही महिन्याचा पास जड असतो. निदान भूमिहीन आणि ऊसतोड कुटुंबांतल्या मुलांना दहावीपर्यंत मोफत पास द्यावा, एवढी मागणी मला वाजवी वाटते.

बारावीनंतरची तुटलेली कडी याहून ठळक आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ झाले. निर्णय फार चांगला आहे. पण त्याच मुलीचा बसपास बारावीनंतर मोफत राहत नाही, आणि महाविद्यालय आता तालुक्यापलीकडे, जिल्ह्याच्या ठिकाणी असल्याने भाडे दुप्पट-तिप्पट झालेले असते. लाखाची फी माफ झालेली मुलगी महिन्याच्या पासाच्या पैशांसाठी अडावी, असे होऊ देता कामा नये. दोन खात्यांनी एकत्र बसून उत्पन्नाची तीच आठ लाखांची अट पासला लावली, तर नवा दाखलाही लागणार नाही, कारण तो फीमाफीसाठी आधीच काढलेला असतो.

येत्या काळात या सेवेवरचा भार वाढणार आहे. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचा विचार २०२३ पासून राज्यात पुढे आला, आणि त्यासाठी पानशेतच्या समूह शाळेचे उदाहरण दिले जाते. एकत्र शाळेत अधिक शिक्षक, प्रयोगशाळा आणि खेळायला सवंगडी मिळतात, हे खरे आहे. परंतु तशा शाळेत सहा-सात वर्षांचे मूलही वाहनावर अवलंबून होते, आणि मुक्कामी गाडी चुकल्यावर दोन डोंगर चालत येणाऱ्या अकरावीच्या मुलासारखी ताकद त्याच्यात नसते. वाहतुकीची लेखी आणि निधीसह हमी मिळाल्याशिवाय एकाही वाडीची शाळा बंद होऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

ज्या पालकांना आणि शाळांना ही सेवा आज घ्यायची आहे, त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. विद्यार्थ्यांची यादी थांब्याच्या नावांसह निकाल लागताच आगाराकडे द्यावी. जून उजाडेपर्यंत थांबल्यास पास शाळेत मिळण्याचा क्रम मागे जातो. नवी फेरी हवी असेल किंवा वेळ बदलून हवी असेल, तर ग्रामसभेचा ठराव आणि शाळेचे पत्र एकत्र करून आगार व्यवस्थापकांकडे द्यावे आणि प्रत विभाग नियंत्रकांना पाठवावी. पत्रात नुसते "गाडी सुरू करावी" असे न लिहिता कोणत्या थांब्यावरून किती मुली आणि किती मुले येतात, शाळा किती वाजता भरते आणि किती वाजता सुटते, हे तक्त्यात द्यावे. विज्ञान शाखेची प्रात्यक्षिके दुपारनंतर असतात आणि त्या मुलींना नेहमीची परतीची गाडी सापडत नाही, म्हणून त्यांच्या दिवसांची आणि वेळेची मागणी स्वतंत्रपणे मांडावी. आमच्या मार्गावर परतीची दुसरी फेरी अशाच तक्त्यानंतर सुरू झाली, आणि त्या वर्षी अकरावी विज्ञानाला त्या खोऱ्यातून प्रथमच मुलींनी प्रवेश घेतले.